मदत हवी आहे: एकाची भूक भागत नाही, दुसरीला भूकच नाही. संध्याकाळच्या खाऊचं काय करू?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. मोठा दहा वर्षांचा, धाकटी पाचची. मोठा शाळेतून आला की दप्तर खांद्यावर असतानाच डबे उघडायला लागतो. बिस्किटाचा पुडा, मग फरसाण, आणि तासाभरात परत "आई, खायला काय आहे?" धाकटीची तऱ्हा निराळी. उपमा, शिरा, केळं, मऊ म्हणून काही तोंडात ठेवणार नाही. कुरकुरीत लागतं, तेही दोन घास. मग सासूबाई वाटी घेऊन तिच्यामागे घरभर, आणि ती जास्तच हट्टाला पेटते. डॉक्टरांनी दोघांची वजनं-उंची बघितली, काळजीचं काही नाही म्हणाले.

मी साडेपाचला कामावरून येते, दोघांसाठी दोन पदार्थ करणं होत नाही. आतापर्यंत जमलंय ते एकच, कडक भाकरी. मोठ्याला दह्यात चुरून, वर कांदा, काकडी नि शेंगाचटणी. धाकटीला तीच नुसती मोडून, तूप-गूळ लावून. चटणी तिला झोंबते, म्हणून कुटताना तिखट-लसूण घालायच्या आधी मूठभर कूट बाजूला काढते. ते गुळावर भुरभुरलं की गुपचूप खाते. चुरमुऱ्यांचा सुशीला केला तर तिच्यासाठी चुरमुरे भिजवायच्या आधीच काढून ठेवावे लागतात! शेंगापोळी दोघांनाही आवडते, टिकतेही, पण रोज गोड नको वाटतं.

असं आणखी काय करता येईल? रविवारी करून ठेवलं तर इथल्या उन्हाळ्यात टिकलं पाहिजे. सुट्टीत तीन वर्षांचा भाचाही येणार आहे, त्यालाही चालेल असं सांगा.

प्रतिसाद १:
ताई, आधी भाच्याचं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून खुशाल द्या. मोठ्याचं म्हणाल तर बिस्किटं म्हणजे मैदा नि साखर, पोटात टिकत नाहीत. सुशीलात मोडाची मटकी आणि दाण्याचं कूट घाला, वर लिंबू पिळा. लिंबामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. अंडं चालत असेल तर उकडून द्या. धाकटीला ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा द्या, घट्ट डब्यात चांगला टिकतो. काय द्यायचं नि कधी, हे तुम्ही ठरवा. किती खायचं ते तिच्यावर सोडा. खाऊ आणि जेवण यात दोन-अडीच तास मोकळे ठेवा. आणि ती दूध किती पिते?

धागाकर्ती:
दूध भरपूर. सकाळी, शाळेतून आल्यावर, आणि "काही खाल्लं नाही ना, निदान दूध तरी" म्हणून जेवणाआधी सासूबाईंकडून एक पेला.

प्रतिसाद १:
मग जेवायला भूक उरेल कुठून? तो जेवणाआधीचा पेला आधी बंद करा.

धागाकर्ती:
बघते. सासूबाईंना हे कुणी सांगायचं तेवढं सुचवा, माझं ऐकणार नाहीत. आणि मटकीला उन्हाळ्यात मोड येईपर्यंत आंबूस वास सुटतो, त्यावर कुणाकडे काही उपाय आहे का?