मदत हवी आहे : स्पोर्ट्स कारचं अ‍ॅव्हरेज खूप पडलंय
नमस्कार मंडळी. माझी टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कार आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅव्हरेज मिळत नाही हे मान्य, पण आता पहाटे मोकळ्या पाम बीच रोडवरही मिळेना. टायरमधली हवा बरोबर, एअर फिल्टर नवा. ई-20 पेट्रोलने थोडा फरक पडतो, पण एवढा नाही.

टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतो. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला असेल का? इंजिन गार राहिलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो. शिवाय मागचं एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागतं, म्हणजे ब्रेक कॅलिपरही (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) चिकटत असावा. गॅरेजवाला मात्र स्कॅन न करताच ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदला म्हणतोय, ते मला पटत नाही.

आधी काय तपासू? ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे स्कॅनरवरचा लाइव्ह डेटा (चालू इंजिनच्या सेन्सर्सचे आकडे) नीट वाचणारा मेकॅनिक असेल तर कृपया सांगा.