फ्रंटल लोबची इजा आणि भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) कलम १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न: न्यूरोसायकॉलॉजी अहवालाबाबत मदत हवी आहे

ठाणे सत्र न्यायालयात बचाव पक्षाचं काम आहे. आरोपी वय ३०-३५, घटनेच्या आधी बाईक अपघातात कपाळामागच्या भागाला मार. डिस्चार्ज कार्डवर ऑर्बिटोफ्रंटल कंट्यूजन (डोळ्यांच्या वरच्या मेंदूच्या भागाला मुका मार) स्पष्ट लिहिलंय. त्यानंतर चिडचिड आणि आवेग वाढल्याचं घरचे आणि कामावरचे दोघेही सांगतात. अपघाताआधी पोलिसांत एकही नोंद नाही.

सीटी दोनदा झाला, ताजा जवळपास नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल म्हणतो: भान आहे, भ्रम नाहीत, एमएमएसई (छोटी प्रश्नोत्तरी मनःस्थिती चाचणी) चांगला. पण एमएमएसई स्मृती आणि भान तपासतो, आवेगावरचा ताबा नाही. अडचण तिथेच आहे. जुन्या सूक्ष्म रक्तस्रावांसाठी एसडब्ल्यूआयसह (रक्ताच्या खुणा टिपणारी स्कॅनची पद्धत) एमआरआय सांगितलाय.

बीएनएस कलम २२ (मानसिक आजारामुळे कृत्य न कळणाऱ्याचा बचाव) इथे टिकेल असं मला वाटत नाही. कृत्याचं स्वरूप त्याला कळत होतं, आणि हा बचाव सिद्ध करण्याचा भार आपल्यावर. त्यामुळे रोख भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम २५८ खालच्या शिक्षेच्या सुनावणीवर आहे. (फिनियस गेज, म्हणजे डोक्यातून लोखंडी सळई गेल्यावर स्वभाव बदललेल्या रेल्वे कामगाराचं जुनं उदाहरण, कृपया नको, सरकारी वकील दोन मिनिटांत उडवतील.)

आरोपी जामिनावर आहे, त्यामुळे तपासणीला कुठेही नेता येईल. बजेट मात्र बेताचं, बंगळुरू परवडणार नाही.

ठाणे, नवी मुंबईत स्ट्रूप, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग (आवेगावरचा ताबा आणि विचारांची लवचिकता तपासणाऱ्या चाचण्या) आणि खोटेपणा पकडणाऱ्या चाचण्या असा पूर्ण संच घेऊन उलटतपासणीला उभे राहणारे आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण? आणि अपघाताआधीचा स्वभाव दाखवायला अहवालासोबत कोणती कागदपत्रं जोडली तर न्यायालय ती खरंच विचारात घेतं?