निरंबाची शाळा कुठल्या भाषेत भरवायची?

भूगोलवाला:
सुट्टीच्या छंदवर्गात यंदा पोरांना एक अख्खा देश उभा करायला लावला. आठवी-नववीची मुलं, थोडी शिवाजी पेठेतली, थोडी उचगाव-कळंब्याकडची. नकाशा, नद्या, झेंडा एका बैठकीत झालं. (झेंड्यावर पैलवान आहे. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.) देशाचं नाव निरंबा. लोकसंख्या 24 लाख. 2011 च्या जनगणनेत आपला कोल्हापूर जिल्हाच 38 लाख 76 हजारांचा होता, म्हणजे देश तसा आटोपशीर. किनाऱ्यावर निरंबी बोलतात, 46 टक्के. डोंगरात काठाळी, 31 टक्के. सात लहान बोली मिळून 19 टक्के. आणि मेळवी ही बंदरातल्या बाजाराची भाषा. घरात बोलणारे जेमतेम 4 टक्के, पण सौद्यापुरती सगळ्यांनाच येते.

घोडं अडलं ते शिक्षणखात्यापाशी. मुलांनी हात वर करून ठरवलं की पहिलीपासून देशभर निरंबी माध्यम, कारण "बहुमत". 46 टक्के हे बहुमत नव्हे, नुसता सगळ्यांत मोठा गट, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

माझं म्हणणं असं: पहिली ते चौथी घरच्या भाषेत, सोबत मेळवी बोलायला शिकवायची, पाचवीपासून मेळवी माध्यम. इंडोनेशियात सर्वांत मोठा समाज जावानी, तरी 1928 च्या युवक प्रतिज्ञेत एकीची भाषा म्हणून घेतली ती बंदरांतून पसरलेली मलय. उलट श्रीलंकेनं 1956 साली एकट्या सिंहलीला राजभाषा केलं, आणि तमिळांशी पडलेली फट पुढं यादवीपर्यंत गेली. पाकिस्तानात तर बंगाली बोलणारे जास्त असताना उर्दू पुढं रेटली. 21 फेब्रुवारी 1952 ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या.

सोमवारी फेरमतदान ठेवलंय. बोला.

गंगावेस:
सर, पोरांनी केलंय ते बरोबर हाय. मोठ्या गटाची नको, मग काय व्यापाऱ्यांची घ्यायची? मेळवी आणली की त्या चार टक्क्यांची चांदी. त्यांचं पोरगं पाचवीत बसलं की घरचीच भाषा, आणि डोंगरातलं तिथनं पुढं चाचपडत. तुमी लादायचं थांबवलं न्हाई, लादणारा तेवढा बदलला.

भूगोलवाला:
चार टक्के म्हणजे 96 हजार माणसं. ती कुणावर काय लादणार?

गंगावेस:
इंग्रज किती होते हितं?

लेखापाल:
भाषेचं तुम्ही बघा, मी नुसता हिशोब मांडतो. 24 लाखांचे 19 टक्के म्हणजे 4 लाख 56 हजार. सात बोलींत सरासरी 65 हजार. एका इयत्तेत लोकसंख्येच्या दोन टक्के मुलं धरली तर एका बोलीत पहिलीला साधारण 1300 पोरं. शिक्षण हक्क कायद्याचं प्राथमिकचं प्रमाण लावा, तीस मुलांमागं एक शिक्षक. चार इयत्तांना पावणेदोनशे शिक्षक, आणि सगळे त्याच बोलीतले पाहिजेत. पुस्तकं चार विषयांची धरली तरी चार इयत्तांची सोळा, सात बोलींची 112. प्रत्येकाच्या 1300 प्रती. त्या बोलींना लिपी आहे का, हे मुलांनी ठरवलंय का? नसेल तर आधी तो खर्च. बालभारती मराठीखेरीज उर्दू, कन्नड, गुजराती, सिंधी, तेलुगू माध्यमांची पुस्तकं काढते, पण त्या भाषांना लिपी, शब्दकोश, शिकलेले मास्तर आधीपासून होते. इथं शून्यातनं सुरुवात आहे.

निपाणीकर:
खर्चाचं तुणतुणं जुनंच आहे. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक 1912 साली कायदेमंडळात पडलं. पाच वर्षांनी, 1917 साली, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करून दाखवलं, पोरगं शाळेत न घालणाऱ्या बापाला दंड लावून. एवढ्याशा संस्थानाला जमलं ते निरंबाला का जमू नये?

लेखापाल:
महाराजांनी सक्ती केली ती शाळेत येण्याची. सात बोलींत पुस्तकं छापली नव्हती. उदाहरण देताना पूर्ण द्या, साहेब.

निपाणीकर:
देतो. मग घरचंच घ्या. आम्ही सीमेपलीकडचे, घरात मराठी, कचेरीत कन्नड. कन्नड शिकायला आमची कधीच ना नव्हती. 2015 च्या कायद्यानं ती शाळेत सक्तीचीही झाली. पण पहिलीत बसलेल्या पोराला बाई काय म्हणतायत तेच कळत नसेल, तर ते पोरगं वर्गात नुसतं बसतं. वाचणं हे एकदाच शिकायचं असतं, आणि ते कळणाऱ्या भाषेत. एकदा जमलं की दुसऱ्या भाषेत उतरायला वेळ लागत नाही. म्हणून सरांच्या पहिल्या चार वर्षांना माझा पाठिंबा. पाचवीपासूनची मेळवी मात्र मला पटलेली नाही. निरंबी आणि काठाळी दोन्ही मोठ्या आहेत, दोन्हींत दहावीपर्यंत शिकू द्या.

सेमीवाली आई:
एवढी चर्चा झाली, पण निरंबातल्या आईबापांना कुणी विचारलं का? त्यांना काय हवंय ते मी सांगते. इंग्रजी. माझी मुलगी सेमीला आहे, गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत, आणि मला त्याची जराही लाज नाही. निरंबाचं पोर उद्या देशाबाहेर पडणार. 24 लाखांच्या देशात नोकऱ्या असून असून किती असणार? सिंगापूरनं बघा, 1987 पर्यंत सगळ्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या केल्या, मातृभाषा दुसरी भाषा म्हणून ठेवली. कुठं अडलं त्यांचं?

भूगोलवाला:
ताई, अडलं ना. तिथल्या चिनी घरांत होक्कियन, तेओच्यू अशा बोली होत्या. 1979 पासून सरकारनंच "मँडरिन बोला" मोहीम चालवली, शाळेत "मातृभाषा" म्हणून मँडरिन शिकवली. म्हणजे ज्या पोराची आजी होक्कियन बोलायची, त्याची मातृभाषा सरकारनं ठरवून दिली. आता त्या बोली बहुतांशी म्हाताऱ्यांच्या तोंडी उरल्या. आपल्या सात बोलींचं हेच होईल.

सेमीवाली आई:
होऊ दे की. बोली जपायची जबाबदारी सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर का? तुम्ही मोठी माणसं जपा.

निपाणीकर:
ताईंच्या बाजूनं एक भर घालतो, माझ्याच विरोधात जाणारी. कर्नाटक सरकारनं पहिली ते चौथी मातृभाषा माध्यम सक्तीचं केलं होतं. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की माध्यम राज्य लादू शकत नाही, निवड पालकांची. तेव्हा निरंबाच्या घटनेत काय लिहिलंय ते आधी बघा.

भूगोलवाला:
घटनेत आत्तापर्यंत एकच कलम आहे, रविवारी मटण. पुढचं व्हायचंय.

आजरेकर:
शिक्षक आहे, नोकरी ऊसपट्ट्यात. सगळ्यांचं वाचलं. तुमच्या निरंबात सगळी माणसं बारा महिने एका जागी बसून असतात का हो?

आमच्याकडं हंगाम लागला की बीडकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. बैलगाडीत भांडीकुंडी आणि पोरं. दिवाळीच्या आसपास येणार, मार्च-एप्रिलला जाणार, म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष पोर गावाबाहेर. तिकडं पटावर नाव, इकडं फडाच्या कडेला धाकट्याला सांभाळत बसलेलं. कारखान्यापाशी या पोरांसाठी साखरशाळा काढल्या, तिकडं हंगामी वसतिगृहं केली, जाईल त्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डं दिली, तरी गळती आहेच. आणि ही सगळी मराठीच बोलणारी पोरं बरं का. भाषेचा प्रश्नच नाही, तरी शाळा सुटते. 2011 ची गणना 9 ते 28 फेब्रुवारीत झाली, ऐन गाळपात. ही माणसं त्या दिवसांत त्यांच्या गावात नसतातच. मग कुठल्या गावाला किती शाळा लागतात, हे त्या आकड्यांवरनं कसं काढायचं?

तुमचे काठाळीवाले थंडीत किनाऱ्यावर मासळी सुकवायला उतरतात, असं मुलांनी नकाशात दाखवलंय का? नसलं तर दाखवा. एकदा ती माणसं हलायला लागली की "या भागात ही भाषा" हे गणितच बसत नाही. किनाऱ्यावरच्या निरंबी शाळेत काठाळी पोरगं पाच महिने. त्याला शिकवायचं कुणी?

लेखापाल:
हे मला पटलं, आणि खर्चातही बसतं. इमारतींऐवजी फिरते शिक्षक. टोळीबरोबर मास्तर.

आजरेकर:
मास्तरांची पोरं कुठं शिकणार मग? (मी मास्तरच आहे, म्हणून विचारलं.)

गंगावेस:
म्हणूनच म्हणतोय, देशभर एक भाषा ठेवा. पोरगं डोंगरात असू दे न्हाईतर दर्याकाठी, पुस्तक तेच, पान तेच. सोडलं तिथनं पुढं चालू. आजरेकर सरांनी माझ्याच बाजूनं मत दिलंय, त्यांना कळलं न्हाई एवढंच.

आजरेकर:
कळलं, भावा. पण पान तेच असून उपयोग काय, ते वाचता आलं पाहिजे ना. आपल्या जिल्ह्याची साक्षरता 2011 ला 81.51 टक्के होती. जनगणना कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं का तेवढंच विचारते. 2022 च्या असर अहवालात (पोरांना वाचता येतं का, हे घरोघरी जाऊन तपासणारी पाहणी) मात्र ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या 42.8 टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. पटावर असणं आणि वाचता येणं यांत एवढं अंतर आहे, तेही बहुतेक पोरं आपल्या राज्याच्या भाषेत शिकत असताना. काठाळी पोराला पहिल्याच दिवशी निरंबी दिलीत, तर ते मासळी सुकवायलाच थांबेल. आईबापाला तेवढाच हातभार.

भूगोलवाला:
ठीक. सोमवारी मी ठराव असा मांडणार: चौथीपर्यंत घरची भाषा, टोळीबरोबर फिरता शिक्षक, पाचवीपासून मेळवी, आणि ज्यांच्या घरात मेळवी आहे त्यांच्या पोरांना काठाळी किंवा निरंबी दहावीपर्यंत सक्तीची. गंगावेसकरांचा व्यापाऱ्यांवरचा आक्षेप एवढ्यानं भागेल.

गंगावेस:
न्हाई भागत. व्यापारी खाजगी शाळा काढणार आणि इंग्रजी लावणार. लिहून घ्या.

सेमीवाली आई:
आणि माझ्यासारख्या आया तिथंच रांग लावणार.