मदत हवी आहे: रील चालते, ऑर्डर येत नाही

नमस्कार मंडळी. मी घरीच कापडी बॅगा शिवून विकते. इन्स्टाग्रामवर बॅगेला चेन बसवतानाची रील टाकली, ती बरी चालली. पण खाली कमेंट काय, तर ‘प्राइस प्लीज’. भाव सांगितला की माणूस गायब!

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग केलाय, फोटो-भाव सगळं टाकलंय. ब्रॉडकास्ट लिस्टही केली, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे फार उशिरा कळलं. म्हणजे इतके दिवस मी भिंतीशीच बोलत होते! आता ‘माझा नंबर सेव्ह करा’ हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं, म्हणजे गळ्यात पडल्यासारखं वाटणार नाही?

आणि इन्स्टाग्रामवर पोस्ट बूस्ट करताना (पैसे भरून जास्त लोकांना दाखवताना) उद्देश काय निवडता, प्रोफाइल व्हिजिट की मेसेज? मी पहिलं निवडलं; लोक आले, बघून गेले. रीलमध्येच भाव लिहावा असं मला वाटतं, नवरा म्हणतो गिऱ्हाईक बिचकेल. स्वतः करून पाहिलेल्यांनी सांगा प्लीज. फॉलोअर विकणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये येऊ नये, आधीच चार जण येऊन गेलेत.