मदत हवी आहे: अरुगम बे (श्रीलंका), मुक्काम आणि रात्रीची वाहतूक

ऑगस्टमध्ये दोघे जण 6 रात्रींसाठी सर्फिंगला जातोय. दक्षिणेकडचा वेलिगामा मुद्दाम टाळला, तिथला सर्फिंगचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. अरुगम बे पूर्व किनाऱ्यावर आहे, तिथे ऑगस्टमध्ये लाटा चांगल्या असतात.

दोघेही शिकाऊ, 8 फुटी फोम बोर्ड (मऊ सर्फबोर्ड) भाड्याने घेणार. मेन पॉइंट या सर्फिंगच्या जागी तळाशी खडक आणि गर्दी, म्हणून तो वगळलाय. सकाळी वारा पडलेला असताना बेबी पॉइंट किंवा पीनट फार्म या शिकाऊंना सोप्या जागा, असा बेत. दुपारनंतर वारा लाटा विस्कटतो, तेव्हा पाण्यात उतरणार नाही.

अडलंय ते रात्रीचं. पार्टीसाठी व्हिस्की पॉइंटला जायचंय, तो किनारा पोट्टुविल गावाच्या पलीकडे. मुक्काम मात्र अरुगम बेच्या मुख्य रस्त्यावर हवा, कारण सकाळी बोर्ड घेऊन चालत बेबी पॉइंट गाठता येतो. स्कूटर नको, प्यायल्यावर चालवणार नाही. शिवाय मुक्कामात पोया, म्हणजे पौर्णिमा येतेय. त्या दिवशी देशभर दारूविक्री बंद असते, त्यामुळे ती रात्र पार्टीतून वगळली आहे.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी सांगा: रात्री 1-2 वाजता व्हिस्की पॉइंटवरून परतायला टुकटुक (रिक्षा) तिथेच मिळते, की जातानाच जाण्यायेण्याचं ठरवून चालकाला थांबवावं लागतं? आणि दोन्ही वेळचे मिळून किती श्रीलंकन रुपये योग्य?