शब्दचर्चा : इराणी मेनूकार्डावरचे ओळखीचे शब्द

चिंचगूळ
इराणी रेस्टॉरंट म्हणजे मुंबईतला बनमस्का-चहावाला इराणी नव्हे, तेहरानी पद्धतीचं जेवण देणारं. त्याच्या मेनूकार्डावरचे निम्मे शब्द आपलेच वाटतात आणि तिथेच घोळ होतो. सब्जी, पनीर, आलू, मास्त, बेरयान. यातला कुठला शब्द मराठी माणसाने विश्वासाने घ्यावा आणि कुठला नाही? दुसरं म्हणजे आपली 'देग' तिथे 'दीग' कशी होते, 'खूश'चं 'खोश' कसं होतं? नुसता लिहिण्यातला फरक आहे का?

मोडीवाचक
लिहिण्यातला नाही, उच्चारातलाच. मराठीत हे शब्द आले ते दख्खनच्या दरबारी फारसीतून. त्या फारसीत दीर्घ 'ए' आणि 'ई' हे दोन वेगळे स्वर होते. पुढे इराणात 'ए'चा 'ई' झाला, 'ओ'चा 'ऊ' झाला, आणि ऱ्हस्व 'इ' नि 'उ' हे 'ए' नि 'ओ'कडे झुकले. म्हणून मेज तिथे मीज, देग तिथे दीग, हिसाब तिथे हेसाब, गुलाब तिथे गोलाब. जुना उच्चार आपण सांभाळलाय, बदलले ते इराणी!

तेहरानच्या बोलीत आणखी एक गंमत: शब्दातल्या 'आन'चा सर्रास 'ऊन' होतो. कार्डावर 'नान' छापलेलं असतं, वेटर 'नून' म्हणतो. बादेमजानचं (वांगं) बादेमजून. नान म्हणजे कुठलीही रोटी, आपल्याकडची तंदुरी नान नव्हे. प्रकार नावाने मागायचा: लवाश पातळ, बरबरी जाड आणि लांबट, संगक तापलेल्या खड्यांवर भाजलेली. संग म्हणजे दगड, 'संगमरवर'मधला तोच. संगक ताजी आली तर उलटून बघा, एखादा खडा चिकटलेला असू शकतो.

शब्दवेल्हाळ
फसवे शब्द घेतो.

आलू: बटाटा नाही, आलुबुखारा. 'खोरेश-ए आलू' मागवलंत तर आंबटगोड सुक्या आलुबुखाऱ्यांचा रस्सा येईल. बटाट्याला फारसीत 'सीब-ज़मीनी', जमिनीतलं सफरचंद. आपल्या जर्दाळूतला 'आळू' हाच, ज़र्द म्हणजे पिवळा.

सब्जी: भाजी नाही, हिरवा पाला. 'सब्जी खोर्दन' म्हणजे पुदिना, रैहान (तुळशीच्या कुळातली), तरखून, पातीचा कांदा, मुळा अशी कच्च्या पाल्याची ताटली. ती नान-पनीरबरोबर खातात. मराठीत या 'सब्ज'चा खरा वारसदार फालुद्यातला सब्जा.

पनीर: खारवलेलं, भुसभुशीत, 'फेटा' चीजच्या जवळचं. त्याची ग्रेव्ही होत नाही.

मास्त: 'मा' दीर्घ, अर्थ दही. आपलं 'मस्त' (धुंद) हा सर्वस्वी वेगळा शब्द. मास्त-ओ-खियार म्हणजे काकडीची कोशिंबीर, वर सुकवलेला पुदिना. मास्त-ओ-मूसीरमध्ये रानटी कांद्यासारखा एक कंद असतो.

बेरयान: हा सर्वात मोठा अपेक्षाभंग. इस्फहानच्या बेरयानमध्ये भाताचं शीतही नसतं. शिजवलेलं मटण कुटून, दालचिनी घालून, छोट्या कढईत परततात आणि नानमध्ये देतात. 'बेरयान' म्हणजे भाजलेलं-परतलेलं, तेव्हा शब्दाशी प्रामाणिक तेच आहेत.

टपालहशील
दूग राहिलं. दूग म्हणजे दूधच ना?

शब्दवेल्हाळ
नाही. दूग म्हणजे खारट ताक, पुदिना घातलेलं, कधी सोड्यासारखं फसफसणारं. बाटली हलवून पटकन उघडू नका. दुधाला 'शीर'. आणि सिंहालाही 'शीर'च. पूर्वी तो 'शेर' होता, मोडीवाचकांनी सांगितलेल्या नियमाने दोघे एक झाले.

भातुकली
भाताबद्दल, कारण तिथे सगळं भाताभोवती फिरतं. 'चेलो' म्हणजे मोकळा पांढरा भात, 'पोलो' म्हणजे काहीतरी मिसळून दम दिलेला, आपला पुलाव. झरिश्क-पोलोतली लाल आंबट फळं तीच, जी मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानिया रेस्टॉरंटमधल्या बेरी पुलावात असतात. ती तुपात जेमतेम मिनिटभर परततात. जास्त झाली की काळी आणि कडू होतात, त्यामुळे ताटात काळसर दिसली तर स्वयंपाकघराचं लक्ष नव्हतं असं समजा.

तहदीग: तह म्हणजे तळ (तहखान्यातला), दीग म्हणजे पातेलं. मराठीत जवळचा शब्द 'खरवड'. पण आपली खरवड चुकून लागते, ही मुद्दाम आणतात. रीत अशी: दोन कप बासमती मिठाच्या पाण्यात तासभर भिजवून, भरपूर उकळत्या पाण्यात सहा-आठ मिनिटं शिजवायचा. दाणा बाहेरून मऊ, आत जरासा कडक असताना निथळायचा. पातेल्यात तीन-चार चमचे तेल, त्यावर केशराचं पाणी आणि दही कालवलेला थोडा भात, किंवा लवाशचा तुकडा, किंवा बटाट्याच्या चकत्या. उरलेला भात वर डोंगरासारखा रचून पळीच्या दांड्याने चार-पाच भोकं पाडायची. झाकणाला फडकं बांधायचं, त्याला 'दमकोनी' म्हणतात. आठ-दहा मिनिटं मध्यम आच, वाफ धरली की मंद आचेवर पाऊण तास. फडकं नसेल तर वाफेचं पाणी भातावर पडून तो चिकट होतो. सुरुवातीची आच कमी पडली तर तळ पांढरा आणि चिवट राहतो. उतरवल्यावर पातेल्याचा बूड दोन मिनिटं गार पाण्यात टेकवला की खरवड सुटते.

एका पातेल्याला तळ एकच, म्हणून हॉटेलात तहदीग लवकर संपते. बसल्या-बसल्या विचारून ठेवा.

टपालहशील
कूबीदे कबाब म्हणजे खिमाच ना मग?

मोडीवाचक
वस्तू खिम्याची, शब्द वेगळा. 'कूबीदन' म्हणजे कुटणे. दीझी नावाच्या भांड्यात येणाऱ्या आबगोश्तबरोबर (मटणाचा रस्सा) 'गोश्तकूब' म्हणजे बत्ता मिळतो, त्यातलाही हाच 'कूब'. आधी रस्सा वाडग्यात ओतून नान कुस्करून खायचा, मग उरलेलं मटण-हरभरे त्या बत्त्याने ठेचायचे. उलट 'ग़ैमे' हा आपल्या खिम्याचा भाऊ, मूळ तुर्की. पण इराणात त्या नावाने मागितलं तर बारीक तुकड्यांचं मटण आणि चण्याची डाळ असलेलं खोरेश येतं, वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या.

भातुकली
कूबीदे सळईवरून का गळतं तेही सांगते. कांदा किसून घट्ट पिळलेला नसेल तर, किंवा चरबी कमी असेल तर (साधारण पाचवा हिस्सा हवी). मिश्रण चिकट होईपर्यंत मळून गार करायचं, बोटभर रुंदीच्या चपट्या सळईवर थापायचं, आणि विस्तवावर पहिल्या मिनिटात भराभर उलटायचं म्हणजे दोन्ही बाजू धरतात. कार्डावर 'सोल्तानी' लिहिलेलं असेल तर एक कूबीदे आणि एक बर्ग (पान, म्हणजे पातळ सपाट तुकडे) असं ताट येतं. खायला काटा-चमचा, सुरी नाही. वर सुमाक नावाची लाल पूड भुरभुरायची, ती आंबट असते, तिखट नव्हे.

चिंचगूळ
'खोरेश' हे 'खोर'शी जोडलेलं आहे का? भांडखोर, लाचखोर?

मोडीवाचक
हो. 'खोर्दन' म्हणजे खाणे. खोरेश म्हणजे भाताबरोबर खायचं कालवण. लाचखोर अक्षरशः लाच खाणारा. भांडखोरात खाणं विसरलं, प्रत्यय तेवढा उरला. खुराकही तिथलाच.

मीठभाकर
स्वागताचे शब्द कुणी घेतले नाहीत. दारात 'खोश आमदीद' (आमदन म्हणजे येणे, आमदनी म्हणजे आलेला पैसा). 'बेफरमायीद' म्हणजे या, बसा, घ्या, सगळंच. फर्मान आणि फर्माईश याच धातूचे. वाढणाऱ्याला 'दस्त-ए शोमा दर्द नकोने', तुमचा हात दुखू नये. खाणाऱ्याला 'नूश-ए जान'.

बिल मागताना 'सूरत-हेसाब'. त्यावर मालक 'काबेल नदारे' म्हणाला, म्हणजे 'तुमच्यापुढे याची काय किंमत', तर जेवण फुकट आहे असं समजून उठू नका. याला ताआरोफ म्हणतात. तुम्ही आग्रह करायचा, तो पुन्हा नको म्हणेल, तुम्ही पैसे पुन्हा पुढे करायचे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो घेतो. आपल्या 'अहो राहू द्या'चीच जात, फक्त फेऱ्या ठरलेल्या. टीपला तिथे 'अनआम' म्हणतात. आपण तोच शब्द 'इनाम' करून जमिनी आणि आडनावं त्यावर बसवली.

टपालहशील
अवांतर: रश्श्यात तरंगणारं काळं, टणक लिंबू खायचं असतं का?

भातुकली
ते लिमू अमानी, वाळवलेलं लिंबू. ग़ैमे आणि गोर्मे-सब्जी (हिरव्या पाल्याचं खोरेश) दोन्हींत असतं. चमच्याने दाबून आंबट रस कालवणात उतरवायचा. साल मऊ झाली असेल तर खातात, बिया मात्र काढा, त्या कडू. घरी करताना सुईने दोन-तीन भोकं पाडून शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासातच घाला, पहिल्यापासून उकळलं तर सगळा रस्सा कडवट होतो.