१९व्या शतकातली डच घरांची चित्रं : ही माया खरी की मांडलेली?

हेगकर (प्रश्न)
हेगमध्ये येऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात १५ युरोला एक फ्रेम केलेलं छापील चित्र मिळालं. अंधारी खोली, डावीकडे खिडकी, आई बाळाला भरवतेय, थोरली मुलगी जमिनीवर बसून बघतेय. खाली ब्लॉमर्स असं नाव. रोज चहा घेताना मी ते बघते आणि मला फार बरं वाटतं. पण एक डच सहकारी म्हणाला, "हे सगळं अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी रंगवलेलं गोडगोड." तेव्हापासून चित्रासमोर बसले की मनात शंका येते. त्याचं खरं आहे का? आणि बाईच्या पायाखाली भोकं पाडलेली लाकडी पेटी आहे, ती कसली?

शांत दुपार
पेटीला 'स्टोफ' म्हणतात. आत मातीच्या भांड्यात पीटचे (दलदलीतून काढून वाळवलेल्या, जळणाऱ्या मातीचे) निखारे ठेवायचे, वर पाय टेकवायचे आणि घागरा पसरून ऊब धरून ठेवायची. चूल एका भिंतीला, बाकी खोली थंडगार. कपाटासारखं दार असलेला पलंग दिसतोय का भिंतीत? त्याचंही कारण थंडीच.

जुना वॉर्निश
चित्रं साफ करण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सहकारी अर्धं बरोबर सांगतोय. ब्लॉमर्स (१८४५–१९१४) हेगचाच. हेगला लागून किनाऱ्यावर असलेल्या शेवेनिंगेनच्या कोळ्यांची घरं त्याने पुष्कळ रंगवली आणि ती परदेशात खपलीही. त्याच काळातला चित्रकार योझेफ इस्राएल्स, त्याने तर आपल्या स्टुडिओत कोळ्याच्या खोलीचा एक कोपराच उभा केला होता. माणसं पैसे घेऊन बसत. म्हणजे मांडणी होतीच.

पण आता चित्रात बाप शोधा. बहुतेक वेळा तो नसतो. शेवेनिंगेनला १९०४ पर्यंत बंदरच नव्हतं. सपाट बुडाच्या होड्या थेट वाळूवर ओढत. १८९४च्या डिसेंबरमधल्या वादळात किनाऱ्यावरच कितीतरी होड्या फुटल्या. बाप समुद्रावर असतो आणि मागे राहिलेली बाई खिडकीजवळ बसते, कारण उजेड तेवढाच. ही खोली मला म्हणूनच खोटी वाटत नाही. इस्राएल्स १८५५मध्ये झांडफोर्ट या कोळ्यांच्या गावी जाऊन राहिला आणि पुढच्याच वर्षी त्याने आईच्या कबरीजवळून मुलांना घेऊन जाणारा कोळी रंगवला. गोडवा विकणारा माणूस तिथून सुरुवात करत नाही.

अंधाराबद्दलही थोडं. यातला काही भाग मुद्दामचा आहे. हेगच्या या चित्रकारांना करड्या रंगाची ओढच होती. पण काही भाग वॉर्निशचा. तो वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो. बिटुमेनचा (डांबरासारख्या पदार्थाचा) तपकिरी रंग वापरला असेल तर तो नीट वाळत नाही आणि पृष्ठभागाला भेगा पडतात. एकदा एका चित्रावरचा थर उतरवला तेव्हा काळ्या भिंतीतून निळसर फरशांची चूल बाहेर आली. त्या दिवशी मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

लारेनवाला
बाप समुद्रावर हे शेवेनिंगेनपुरतं ठीक आहे, सगळीकडे लावू नका. याच धाटणीचा चित्रकार आल्बेर्ट नॉयहाउस १८८३मध्ये लारेनला जाऊन राहिला. ते गाव विणकरांचं आणि शेतकऱ्यांचं. तिथं बाप जवळपासच असणार, तरी चित्रकार आई-मूलच निवडतात. ही त्यांची निवड होती, ते मान्य करायला हवं. १८८५मध्ये नूनेन या गावी वॅन गॉगने एकाच दिव्याखाली जेवणारं कुटुंब रंगवलं, त्यात पुरुष आहेत आणि बटाटे उचलणारे हात राकट आहेत. तो इस्राएल्सला फार मानायचा, तरीही त्याने खोलीतली माया बाजूला ठेवली.

जुना वॉर्निश
मान्य. नॉयहाउसबाबत माझं म्हणणं लागू होत नाही. हेगकर ताई, हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये इस्राएल्सचं १८८३चं 'म्हातारपण आलं की' बघून या. चुलीपुढे हात पसरून बसलेली एकटी म्हातारी. तुमच्या चित्रातल्या आईला तिच्या शेजारी ठेवून बघा.

हेगकर
रविवारी जाते. आत्ता चित्र खाली उतरवून दिव्याजवळ धरलं. दाराशेजारी लोंबतंय तो मला पडदा वाटत होता. ते जाळं आहे.